नेलपॉलिशची रेघ

ड्रिल मशीनच्या टेबलावरची ती लाल रेघ दुसऱ्यांदा ओढली ती मी. हे वाक्य मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि ज्यांना ते सांगायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. नुसतं वाक्य वाचून कुणाला काही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. एवढीशी रेघ, ती कुणी ओढली यानं काय बिघडतं? काय बिघडलं ते कळायला आमचं घर सांगावं लागेल, मागची शेड सांगावी लागेल, आणि वहिनी सांगावी लागेल. मुळात मी बोलणारा माणूस नाही. घरात मला ‘मुका’ म्हणत, आणि त्या नावाचा मला पुढे फार उपयोग झाला. मुक्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आमचं घर अंबडच्या बाजूला, कारखान्यांची वस्ती जिथे संपत नाही आणि राहती घरंही सुरू होत नाहीत अशा पट्ट्यात. पुढे दोन खोल्या, मधे मोरी आणि हातभर अंगण, आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये एकच मशीन, टेबलावर बसवायचं छोटं ड्रिल मशीन. वडिलांनी, म्हणजे नानांनी, एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते उचलून आणलं होतं आणि महिनाभर रॉकेलनं धुऊन चालू केलं होतं. हँडल खाली ओढलं की ड्रिल खाली येई, सोडलं की स्प्रिंग त्याला वर नेई, आणि वर जाताना ‘टक्’ असा एक आवाज होई. हा आवाज आमच्या घराचं घड्याळ होता. आई चुलीपाशी बसून सांगायची, आता जोरात काम चाललंय, आता कंटाळा आलाय, आता चहा टाकायला हवा. ड्रिल थंड ठेवायला पाण्यात मिसळायच्या तेलाचा दुधट वास, लोखंडाचा कीस, आणि पलीकडून भाजणाऱ्या नागलीच्या भाकरीचा वास, हे तिन्ही माझ्या डोक्यात असे एकत्र बसले आहेत की आजही भाकरीचा पापुद्रा सुटताना मला कानात मशीनच्या पट्ट्याची किरकिर ऐकू येते.

काम एकाच प्रकारचं. सातपूरच्या एका कंपनीला लागणाऱ्या लोखंडी पिना. करंगळीएवढ्या जाडीचा, दोन इंच लांबीचा गोल रॉडचा तुकडा, आणि त्याच्या एका टोकाशी आरपार एक बारीक भोक. त्या भोकात पुढे तारेची खीळ बसायची, म्हणजे पीन निसटत नाही. ऐकायला सोपं. पण सपाट पट्टीला भोक पाडणं वेगळं आणि गोल रॉडला पाडणं वेगळं. गोलाच्या नेमक्या माथ्यावर ड्रिल टेकलं नाही तर ते घसरतं, एका अंगाला भिंत जाड राहते, दुसऱ्या अंगाला पातळ. पातळ बाजू ताणाखाली फाटते. नाना म्हणायचे, “रॉडला भोक पाडणं म्हणजे लिंबावर सुई उभी करणं.”

त्यांची पद्धत अशी. टेबलावर इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेला लोखंडी ठोकळा ठेवायचा. खाचेत रॉड आडवा बसतो, हलत नाही. मग रॉडच्या पाठीवर सहा इंची स्टीलची पट्टी आडवी ठेवायची आणि वरून ड्रिलचं टोक हळूच तिच्यावर टेकवायचं. ड्रिल नेमकं मध्यावर असेल तर पट्टी तागडीसारखी सपाट राहते. जरा जरी सरकलेलं असेल तर पट्टी त्या अंगाला झुकते. झुकेल तसा ठोकळा केसाकेसानं सरकवायचा आणि पट्टी सपाट झाली की बोल्ट आवळायचे. आवळतानाही ठोकळा सरकतो, म्हणून पुन्हा पट्टी, पुन्हा ढिलं, पुन्हा आवळ. अर्धा दिवस जायचा. एकदा सेटिंग लागलं की मग हजार नग डोळे मिटून. आणि सेटिंग हाललं की नाही हे कळावं म्हणून ठोकळ्यावरून टेबलावर उतरणारी एक रेघ ओढायची. पूर्वी नाना ती खडूनं ओढत. खडू तेलानं पुसला जाई. वहिनी आली आणि तिनं माहेराहून आणलेली नेलपॉलिशची बाटली काढून दिली. “मला कुठं लावायला वेळ मिळतोय, नाना? मशीनला लावा. तिची तरी नखं रंगू द्यात.” नाना पोट धरून हसले. तेव्हापासून शेडचा कायदा झाला : रेघ शाबूत तर सेटिंग शाबूत. सकाळी पहिला नग उलटून तपासायचा आणि मग दिवसभर फक्त रेघेकडे लक्ष ठेवायचं.

वहिनी इगतपुरीकडच्या एका खेड्यातली. नाव शालन. भातशेतीचं घर. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात ती नानांना चहा द्यायला शेडमध्ये गेली आणि नाना पट्टीशी झटत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ते मान्य करत नव्हते. ती कप हातात धरून उभी राहिली. मी शेजारीच होतो, तुकड्यांच्या कडा घासत.

“नाना, उजवीकडं कलती हाय जराशी.”

“कुठं? सपाट तर आहे.”

“नाय. लय नाय, पण हाय.”

नानांनी मला बोलावलं. माझं आयटीआय नुकतंच झालं होतं, सर्टिफिकेट चौकटीत घालून देवाच्या फोटोशेजारी टांगलेलं होतं. मी वाकून पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, सपाट आहे. नानांनी नग पाडला, उलटा करून पुन्हा ड्रिलखाली धरला. उलटवलं की चूक दुप्पट होऊन दिसते. ड्रिल भोकाच्या कडेला टेकलं. चूक उजवीकडेच होती. नाना वहिनीकडे बघत राहिले. “कुठं शिकली गं?” ती म्हणाली, “शिकायचं काय त्यात. भाताची आवणी करताना वळ वाकडी गेली का आई चिखलाचा गोळा फेकून मारायची. डोळ्याला सवय लागती.”

दुसऱ्या दिवसापासून नाना तिला स्टुलावर बसवायला लागले. मी सहा महिन्यांत शिकलो नव्हतो ते ती पंधरा दिवसांत शिकली. हँडल ओढताना ती ओठ दातांत धरायची आणि भोक आरपार व्हायच्या आधी, शेवटच्या केसभर अंतरावर, हात आपोआप हलका करायची, म्हणून तिच्या भोकांच्या खालच्या कडा फाटत नसत. मी कडा घासायचो, मोजायचो, खोक्यात भरायचो. ती मला “भाऊजी” म्हणायची आणि जेवताना माझ्या ताटात खुरासणीची चटणी जास्त वाढायची. मी तिचा राग राग करत होतो असं नाही. पण भिंतीवरचं ते सर्टिफिकेट मला दिवसातून दहा वेळा दिसायचं, आणि ‘टक्, टक्’ असा तिच्या हातचा एकसारखा आवाज ऐकू आला की मी हातातला तुकडा नको तितक्या जोरानं घासायचो. आज त्याला मत्सर म्हणतो. तेव्हा त्याला नाव नव्हतं, म्हणून ते वाढत गेलं.

दादाला हे सुरुवातीपासून पसंत नव्हतं. तो एका कंपनीत शिफ्टला जायचा. वाईट माणूस नव्हता, पण लोकांचं बोलणं त्याला लागायचं. एका रविवारी सगळे जेवायला बसलो होतो आणि आईनं कढीगोळे केले होते. दादा मधेच थांबला.

“कंपनीत विचारतात मला. काय रे, बायको ड्रिल मारते म्हणे? मग तू घरी भाकरी थापतो का?”

“थाप की मग,” नाना म्हणाले. “निदान गोल यायला तरी शीक.”

सगळे हसलो. दादा हसला नाही. “चेष्टा नका करू, नाना. आता हा मोठा लॉट आलाय ना, तो होऊ द्या. पण एक जरी नग परत आला ना, त्या दिवसापासून ही शेडमध्ये पाय ठेवणार नाही. मग मला कुणी बोलायचं नाही.”

वहिनी कढी वाढत होती. तिनं पळी पातेल्यात ठेवली आणि विचारलं, “आन् पास झाला तर?”

नानांसमोर तिनं दादाला उलट विचारण्याची ती पहिली वेळ. आईनं पदर सावरला. नानांनी भुरका मारून वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “पास झाला तर दुसरी मशीन घेणार. आणि ती शालनची. ठरलं.” दादा मान खाली घालून जेवायला लागला, म्हणजे त्यालाही ते कबूल होतं. वहिनीनं त्या दिवशी दोन वेळा मला कढी वाढली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नीट पाहिलं होतं. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या गप्प बसण्यानं कुणाचं काय जाणार आहे, हे मला त्या रविवारपासून ठाऊक होतं.

चार हजार पिनांचा लॉट होता. चार-पाच दिवस ‘टक् टक्’ चालू होतं. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत सहाशेच्या आसपास नग उरले होते. नाना पिनांना मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे गेले होते. आई शेजारी हळदीकुंकवाला. वहिनी भाकरी टाकायला आत गेली. आणि अंगणाच्या फाटकात बाळ्या आला, माझा वर्गमित्र, त्याच्या जुन्या मोटारसायकलच्या कॅरियरची एक पट्टी हातात घेऊन.

“दोन होल मारून दे ना.”

“सेटिंग लागलंय रे. आज नाही.”

“म्हणजे तुला हात लावायची परवानगी नाही, असं सांग ना. वहिनीची मशीन आहे. तिलाच विचारतो, थांब.” असं म्हणून तो खरंच आतल्या दाराकडे वळला.

मी त्याचा दंड धरला. एवढंच झालं. एवढ्यासाठी झालं. बाळ्याची पट्टी सपाट आणि रुंद होती, व्हीच्या ठोकळ्यावर ती बसणं शक्य नव्हतं. मी पाना घेतला, दोन्ही बोल्ट ढिले केले आणि ठोकळा उचलून बाजूला ठेवला. रेघ दोन तुकडे झाली. अर्धी ठोकळ्यावर, अर्धी टेबलावर. बाळ्याची दोन भोकं पाडायला तीन मिनिटं लागली नाहीत. तो किक मारून गेला. आत भाकरी थापण्याचा आवाज चालू होता, थप थप थप, आणि मी त्या आवाजावर वेळ मोजत होतो. ठोकळा परत ठेवला. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर आणले आणि बोल्ट आवळले. सेटिंगची स्टीलची पट्टी समोर खिळ्याला टांगलेली होती. हात लांब केला असता तर पोचला असता. पण पट्टी लावायची तर अर्धा दिवस, आणि नाना आले तर विचारणार, ठोकळा का काढला. रेघ जुळली म्हणजे सेटिंग जुळलं, असं मी स्वतःला सांगितलं. आज पंचवीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस म्हणून सांगतो : रेघ काडेपेटीतल्या काडीएवढी जाड असते, आणि तिच्या जाडीत अर्धा मिलिमीटर सहज लपतो. आयटीआयच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

जोडाच्या ठिकाणी रंगाला बारीक भेग दिसत होती. थप थप थांबलं. मी फळीवरून बाटली घेतली, जुनी रेघ थिनरच्या बोळ्यानं पुसली आणि एका दमात नवी ओढली. सरळ, अखंड, लाल. आणि वाकून तिच्यावर फुंकर घालत राहिलो.

जेवण झाल्यावर वहिनी स्टुलावर बसली. मी कोपऱ्यात मोजत होतो. चाळीस-पन्नास नग झाले असतील आणि ती थांबली.

“भाऊजी, आवाज येगळा येतोय का हो?”

“कसला?”

“टेकताना. जरासं घसरल्यावानी वाटतंय हाताला.”

मी उठून आलो. तिनं वाकून रेघेकडे पाहिलं, बोट लावलं. “रेघ तर शाबूत हाय.”

मी म्हणालो, “ड्रिलची धार गेली असेल. आण, घासून देतो.”

मी खरोखर ड्रिल काढून दगडावर घासून दिलं. तिनं ते बसवलं आणि म्हणाली, “आता बरं वाटतंय.” तिला बरं वाटलं कारण मी तसं सांगितलं होतं. कान तिचा बरोबर होता, हात बरोबर होता. दोन्हींवरचा तिचा विश्वास पहिल्यांदा उडवला तो मी, तिथे, उभ्या उभ्या, ड्रिलला धार लावून देता देता. रेघ ओढण्याचं एक वेळ घाबरून झालं म्हणता येईल. हे घाबरून झालेलं नाही. ती विचारत होती आणि मी तिला चुकीच्या वाटेला लावलं.

संध्याकाळी लॉट संपला. रिवाजाप्रमाणे तिनंच थिनरनं रेघ पुसली, ठोकळा धुऊन कपाटात ठेवला आणि मशीनला हळदीकुंकू लावलं. मला सुटल्यासारखं वाटलं. सगळे नग कडा घासून, प्लेटिंग करून, पाडले त्याच क्रमानं खोक्यांत गेले आणि आठवड्याभरात कंपनीत पोचले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा टेम्पो सगळी खोकी घेऊन परत आला. कंपनीच्या साहेबानं वेगवेगळ्या खोक्यांतून मूठभर पिना काढून पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या दोन वाकड्या निघाल्या होत्या. सगळा माल परत, तीन दिवसांत निवडून द्या, नाहीतर काम दुसरीकडे. नानांनी खोकी शेडमध्ये ओढून घेतली. मग म्हणाले, “सगळे या.” मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांना पट्टी लावता येईना. वहिनी पुढे झाली तर दादा म्हणाला, “तू नको.” तेव्हा अजून काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. पट्टी मी लावली, नाना शेजारी बसून, पुन्हा बघ, पुन्हा बघ, करत. ड्रिलच्या जागी भोकापेक्षा किंचित बारीक सळई बसवली. मशीन बंद. प्रत्येक पीन खाचेत ठेवायची, हँडल ओढायचं. सळई आरपार गेली तर चांगली, अडली तर वाईट. चार हजार वेळा.

ते तीन दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत, एक लांबलचक दुपार आठवते. ताटं शेडमध्येच यायची. आई भाकरीवर पिठलं घालून हातात द्यायची आणि तेलकट बोटांनी आम्ही ते खायचो. वीज जायची आणि पंखा थांबायचा, पत्रा तापायचा, घाम पिनांवर ठिबकायचा. दादानं रजा टाकली होती. सळई अडली की एक बोथट आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी वहिनी मान वर करून बघायची. पहिल्या खोक्यात एकही नाही. दुसऱ्यात नाही. शेवटच्या खोक्यांपाशी आलो आणि अडायला लागल्या, एकामागून एक, ठक् ठक् ठक्. वहिनीनं तोंडावर पदर धरला. शेवटच्या दुपारच्या, सगळ्या तिच्या हातच्या. मी हँडल ओढत होतो. माझा हात थांबवून दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं तिथे संपलं असतं. मी पुढची पीन उचलत राहिलो. निवडता निवडता मनात नवस बोललो, पुढच्या खोक्यात तरी चांगल्या निघू देत. चूक कबूल करण्याऐवजी मी देवाला लोखंड बदलायला सांगत होतो.

“सेटिंग हाललं असेल,” दादाच म्हणाला, आणि त्याच्यासाठी हे मी आवर्जून नोंदवतो.

“रेघ शाबूत व्हती,” वहिनी म्हणाली. खोटं बोलणं तिला येत नव्हतं. “मी सवता बघितली. दोनदा. भाऊजींनी बी बघितली.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होय, शाबूत होती.

नाना वाईट पिनांच्या घमेल्यापाशी बसले. पाच-सहा उचलून तळहातावर शेजारी शेजारी मांडल्या आणि अंगठ्याच्या नखानं एकेकीची पातळ बाजू चाचपली. बराच वेळ. मग त्या परत घमेल्यात टाकल्या. “होतं असं,” म्हणाले. “दिवस शेवटचा होता. थकला असेल हात.”

नवे सहाशे तुकडे कापून आणले. स्टुलावर मला बसवलं. मी पाडले सगळे. एकही वाकडा गेला नाही. कंपनीनं माल घेतला, काम टिकलं, आणि साहेबानं नानांजवळ माझी तारीफ केली की धाकट्यानं लाज राखली. आईनं त्या दिवशी शिरा केला. वहिनीनं तो मला वाढला.

दादाला काही बोलावं लागलं नाही. वहिनीनंच दुसऱ्या दिवशी शेडमधलं तिचं जुनं फडकं, जे ती कमरेला बांधायची, धुऊन फडताळात ठेवला. नाना अंगणात होते. ती त्यांना म्हणाली, “नाना, माझ्याच हातानं घात केला. मला कळलंच नाय कधी.” नाना म्हणाले, “जाऊ दे पोरी.” ती मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. राख लावून, नखांच्या आतून, तेलाचा काळा रंग निघेपर्यंत.

वर्षाच्या आत दुसरी मशीन आली. ती माझी झाली. नाना मला शिकवायला लागले, आधी कधी शिकवलं नव्हतं तसं, पाठीशी उभं राहून. एकदा माझ्या हातून दहा-बारा नग बिघडले. नानांनी ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, “हे हाताचं आहे. बघ, एक इतका, एक तितका. हात चुकला की प्रत्येक नग वेगळा चुकतो.” मग नग खाली ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “सेटिंग हाललं तर सगळे एकाच मापानं चुकतात. ध्यानात ठेव.” आणि चहाला आत निघून गेले.

मी मशीन बंद करून बसून राहिलो. घमेल्यातल्या त्या सहाशे पिना एकाच मापानं चुकलेल्या होत्या. आणि मशीनजवळ त्या दुपारी दोनच माणसं होती. नानांना तळहातावरच कळलं होतं. ते वारले तोपर्यंत आम्ही दोघं रोज एका शेडमध्ये दहा-दहा तास काम करत होतो आणि या विषयावर आमच्यात याखेरीज एक शब्द झाला नाही. त्यांनी मला का वाचवलं, सुनेला का बुडू दिलं, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. त्यांना कळलं ते पिनांवरून. मी ते केलं होतं.

आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, मोठी मशीनं आहेत, पट्टी आता कुणी लावत नाही. दादा-वहिनी जुन्याच घरात राहतात. वहिनीच्या केसांत पांढरं आलंय. आईला शेवटची चार वर्षं साखर होती, रोज सकाळी इन्शुलिनची सुई द्यावी लागे. घरात वहिनी असताना ते काम माझ्याकडे होतं. मी रोज सकाळी स्कूटरनं जायचो. डॉक्टरांनी वहिनीला दाखवलं होतं, सोपं होतं, पण तिनं सुई हातात घेतली नाही. “मला नका सांगू. माझा हात नाय भरवशाचा. भाऊजींचा हात चांगला हाय.” ती आईचा दंड धरून बसायची आणि मी सुई टोचायचो. चार वर्षं, रोज. रोज मी घरातून ठरवून निघायचो. परत येताना रोज स्वतःला सांगायचो, आई समोर होती, आता नको. आई गेली. आता ते कारणही नाही.

तिच्या धाकट्या मुलीनं मागच्या वर्षी इंजिनिअरिंगला जायचं म्हटलं, मेकॅनिकलला. वहिनी तिला म्हणाली, “आपल्या रक्तात नाय गं ते. मी करून बघितलंय.” मी तिथेच बसलो होतो. पोरगी कॉमर्सला गेली.

म्हणून आता लिहितो. वहिनीला मला सांगायचं आहे की त्या दुपारी ठोकळा मी हलवला, रेघ मी ओढली, आणि तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तिचा हात एकदाही चुकला नव्हता. हे मी तिला एकटीला सांगून भागणार नाही. दादासमोर आणि तिच्या मुलांसमोर सांगायचं आहे, कारण तिच्यावर ठपका आला तो सगळ्यांसमोर. एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.